तापत्या उन्हात वाघाचे रान: चंद्रपूर-गडचिरोलीतील संरक्षित जंगलांचे नियोजन कसे होते?

चंद्रपूर हे देशातील सर्वाधिक तापणाऱ्या शहरांपैकी एक. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या वर जाणे नेहमीचेच, आणि काही वर्षी तो ४७-४८ अंशांपर्यंतही पोहोचतो. या शहराच्या उत्तरेला, फार लांब नाही, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे. शहराच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, जवळच राज्यातील एक मोठे औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्या केंद्राला व शहराला पाणी पुरवणाऱ्या इरई धरणाचा जलाशय थेट वाघाच्या जंगलाला टेकलेला आहे. कोळसा, वीज, माणूस आणि वाघ हे सारे एकाच पाण्यावर जगतात. अशा ठिकाणी हवामान बदलू लागले, तर 'संरक्षित क्षेत्र' सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

कोणती जंगले संरक्षित आहेत?

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये स्थापन झाले. त्याला लागून असलेले अंधारी अभयारण्य १९८६ चे. दोन्ही मिळून १९९० च्या दशकात व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याचे गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'कोअर', सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याभोवतीचे ११०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र २०१० मध्ये अधिसूचित झाले. चंद्रपूर जिल्ह्यात पुढे घोडाझरी (२०१८) आणि कन्हाळगाव (२०२१) ही दोन अभयारण्ये वाढली.

गडचिरोलीचे चित्र वेगळे आहे. हा जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या क्षेत्रफळापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे, पण अभयारण्याचा दर्जा असलेला भाग त्यात अगदी थोडा. चपराळा (१९८६) सुमारे १३५ चौरस किलोमीटर, भामरागड (१९९७) सुमारे १०४ चौरस किलोमीटर, शिवाय प्राणहिता अभयारण्य आणि रानम्हशींसाठी २०१३ मध्ये संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेले कोलामार्का. आलापल्लीजवळ अवघे सहा हेक्टरचे एक जंगल आहे. वन विभागाने ते १९५० च्या दशकापासून कुऱ्हाड न लावता जपले आणि २०१४ मध्ये ते राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरले. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने ते ओळखले जाते. इतक्या लहान तुकड्याला महत्त्व एवढ्यासाठी, की माणसाने हात लावला नाही तर इथले सागवानी जंगल कसे दिसते, याचा तो जिवंत नमुना आहे. बाकीच्या जंगलात काय बदलले हे मोजायला तुलनेसाठी असे काहीतरी लागतेच.

हवामान नेमके कसे बदलते आहे?

केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. मोसमी पावसाचे एकूण प्रमाण १९५१ ते २०१५ दरम्यान सुमारे ६ टक्क्यांनी घटले. मात्र मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. थोडक्यात, पाऊस कमी दिवसांत आणि जास्त जोराने पडतो, मधले खंड लांबतात.

जंगलाच्या दृष्टीने ही तिन्ही वाक्ये एकत्र वाचायला हवीत. चंद्रपुरात वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहून अधिक. हा आकडा मराठवाड्याच्या माणसाला हेवा वाटावा असा आहे. पण धो धो पडलेले पाणी जमिनीत मुरत नाही, नाल्यातून वाहून जाते. मग फेब्रुवारीत जे डोह भरलेले असायचे ते आटतात आणि उरलेले चार महिने भर उन्हाचे.

आराखडा दहा वर्षांचा

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २००६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाला कायद्याचे बळ मिळाले आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला 'व्याघ्र संवर्धन आराखडा' करणे बंधनकारक झाले. त्याचे तीन भाग असतात: गाभा, बफर आणि शेजारचे प्रदेश व भ्रमणमार्ग. साधारण दहा वर्षांसाठी तो केला जातो आणि त्यावरून दरवर्षीच्या कामांचा आराखडा निघतो.

यात एक गृहीतक दडलेले आहे. जंगलाची 'योग्य' अवस्था कोणती हे आपल्याला ठाऊक आहे आणि व्यवस्थापनाने ते तिथे टिकवायचे आहे, असे हे गृहीतक. हवामान स्थिर असेल तोवर ते चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आणि तिथल्या इतर संस्थांनी गेल्या काही वर्षांत याला पर्याय म्हणून तीन शब्दांची एक चौकट वापरायला सुरुवात केली आहे: बदल रोखायचा, बदल स्वीकारायचा किंवा बदलाला हवी ती दिशा द्यायची. प्रत्येक जागेसाठी, प्रत्येक प्रश्नासाठी यापैकी काय करणार हे आराखडा करणाऱ्यांनी आधीच उघडपणे ठरवावे, एवढाच तिचा आग्रह. चंद्रपुरात हे शब्द कोणी वापरत असो वा नसो, निर्णय याच तीन प्रकारचे होत असतात. पाणवठ्याचा निर्णय घ्या.

पाणवठा: सोपे काम, अवघड परिणाम

ताडोब्यात पाण्याचे नैसर्गिक आधार म्हणजे ताडोबा तलाव, कोळसा तलाव, अंधारी नदी आणि नाल्यांतील डोह. उन्हाळ्यात हे कमी पडतात म्हणून जागोजागी कृत्रिम पाणवठे केलेले आहेत. पूर्वी बशीच्या आकाराचे सिमेंटचे टाके बांधून त्यात टँकरने पाणी सोडले जाई. आता बोअरवेलवर सौर पंप बसवलेले असतात. ऊन जितके कडक तितका पंप जोरात चालतो, म्हणजे गरजेच्या वेळी यंत्र आपोआप साथ देते. ही व्यवस्था खरोखर चांगली आहे आणि तिने टँकरचा खर्च व जंगलातील वर्दळ दोन्ही कमी केले.

पण पाणी ही जंगलातील सर्वांत मोठी मर्यादा असते. उन्हाळ्यात पाणी जिथे नसते तिथून चितळ, सांबर, गवे निघून जातात आणि तेवढे दिवस तिथल्या गवताला व झाडोऱ्याला उसंत मिळते. दर काही किलोमीटरवर बारमाही पाणी ठेवले की ही उसंत संपते. तृणभक्षी सगळीकडे वर्षभर राहतात, त्यांची संख्या वाढते, मागोमाग वाघांची वाढते. एकाच टाक्यावर गर्दी झाली तर रोग पसरण्याची भीती असते. गाभ्यात जन्मलेले जे तरुण वाघ तिथे मावत नाहीत ते बाहेर पडतात. बाहेर धानाची शेते आणि गावे आहेत. म्हणजे मे महिन्यातला एक सौर पंप आणि काही वर्षांनी सिंदेवाही तालुक्यात वाढलेला वाघांचा वावर, यांच्यात एक धागा असतो. एकट्या पंपाने हे घडत नाही, हे खरे. संरक्षण, गावांचे पुनर्वसन आणि कुरण विकास यांचाही त्यात वाटा आहे.

म्हणून पाणवठा किती आणि कुठे हा तांत्रिक प्रश्न नाही. त्यावर पर्यटनाचाही दाब असतो. एप्रिल-मे मध्ये ताडोब्यात गर्दी होते ती पाण्यावर वाघ हमखास दिसतो म्हणूनच, आणि रस्त्यालगतचा पाणवठा कोरडा राहिला तर तक्रार लगेच येते. आत दूरवर नाल्यात घातलेल्या दगडी बांधाची चौकशी कोणी करत नाही. खरे तर बदलत्या पावसात अधिक उपयोगी तोच. नालाबांध, वनतळी, जुन्या तलावांतील गाळ काढणे ही कामे पडलेल्या पावसाला जमिनीत थांबवतात. बोअरवेल फक्त आधी मुरलेले पाणी वर काढते.

या भागाला हे नवीन नाही. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधण्याची परंपरा आहे. त्यात कोहळी समाजाचे कसब प्रसिद्ध आहे आणि आजही हे तलाव 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून कागदोपत्री नोंदलेले आहेत. घोडाझरी, असोलामेंढा, नलेश्वर हे मोठे तलाव ब्रिटिश काळात सिंचनासाठी झाले. घोडाझरी अभयारण्याला नाव मिळाले ते तलावावरूनच. धानाच्या बांधीसाठी अडवलेले पाणी रानातील जनावरांच्याही उपयोगी पडते. या तलावांची दुरुस्ती होते ती जलसंधारणाच्या योजनांतून, वन्यजीव आराखड्यातून क्वचितच. खाती वेगळी असल्याचा हा परिणाम.

आग

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. या काळात जाळरेषा काढणे, पाचोळा बाजूला करायला ब्लोअर चालवणे, हंगामी अग्निरक्षक नेमणे ही कामे होतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावर दिसलेल्या आगीची सूचना थेट त्या भागातील कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवते.

इथल्या पानझडी जंगलात आपोआप आग लागणे दुर्मिळ आहे. बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचताना झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणूनही जाळतात. या सवयी जुन्या आहेत. फरक पडला तो हवेत. जमीन लवकर सुकते, पाचोळा महिनाभर अधिक कोरडा राहतो आणि पूर्वी नाल्यापाशी विझणारी आग नाला ओलांडते. उपाय म्हणून काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून मोहफुले गोळा करण्याचा प्रयोग झाला आहे. आग पूर्ण बंद करावी की थंडी सरता सरता थोडे थोडे जाळून पुढची मोठी आग टाळावी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

बांबूचा प्रश्न याला जोडलेला आहे. इथला मानवेल बांबू साधारण चार दशकांतून एकदा मोठ्या प्रमाणावर फुलतो आणि फुलल्यावर मरतो. त्या वर्षी हजारो एकरांवर वाळलेल्या काठ्यांचे ढीग उभे राहतात. फुलोरा आणि कडक उन्हाळा एकत्र आले तर काय होईल, याचा विचार आराखड्यात आधीच असावा लागतो.

कुरणांचे काम त्यामानाने सरळ आहे. नवेगाव, जामणी यांसारखी गावे गाभ्यातून बाहेर पुनर्वसित झाल्यावर त्यांच्या शेतजमिनींवर गवताळ मैदाने वाढवली गेली. तरोटा, रानतुळस, टणटणी अशी तणे उपटावी लागतात, कारण मोकळी, उन्हाने भाजलेली जमीन त्यांना आवडते. बिया धरण्याआधी उपटले तरच उपयोग, नाहीतर पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा.

हद्दीबाहेरचे वाघ

२००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ असल्याचा अंदाज होता. २०२२ मध्ये तो ४४४ वर गेला. एकट्या ताडोबा प्रकल्पात त्यांतील ९७. पण या जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे, की मोठ्या संख्येने वाघ प्रकल्पाच्या बाहेर, विशेषतः ब्रह्मपुरी वन विभागात, जंगलाचे तुकडे आणि धानशेती यांच्या सरमिसळीत राहतात. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारातील झुडपांतही वाघांचा वावर आढळला आहे.

हवामान बदलते तेव्हा प्राण्यांना सरकायला जागा लागते. म्हणूनच जगभर संरक्षित क्षेत्रांचे नियोजन एकेका उद्यानापुरते न ठेवता भ्रमणमार्गांसह करण्यावर भर आहे. ताडोब्यातून उत्तरेला घोडाझरीमार्गे उमरेड-कऱ्हांडल्याकडे, दक्षिणेला कन्हाळगावमार्गे तेलंगणातील कवल प्रकल्पाकडे आणि पूर्वेला गडचिरोलीतून छत्तीसगडच्या इंद्रावतीकडे असे मार्ग जातात. कागदावर ते रेषा आहेत. जमिनीवर त्यांना महामार्ग, रेल्वे, खाणी आणि गोसीखुर्द प्रकल्पाचे कालवे छेदतात. सरळ काठाच्या सिमेंटच्या कालव्यात पडलेले जनावर वर येऊ शकत नाही. त्यावरून ओलांडण्याची सोय करणे हे पाणवठा बांधण्यापेक्षा महाग काम आहे, आणि ते करायचे असते दुसऱ्या खात्याला.

जिथे वाघ चालत जाऊ शकत नाहीत तिथे त्यांना उचलून नेण्याचाही पर्याय वापरला गेला. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या गेल्या. २०२४ च्या अखेरीस ताडोब्यातील 'जमुना' आणि 'झीनत' या वाघिणी ओडिशातील सिमिलीपालला गेल्या. झीनत तिथून निघून झारखंडमार्गे पश्चिम बंगालपर्यंत गेली आणि डिसेंबरअखेर बांकुरा जिल्ह्यात तिला पुन्हा पकडावे लागले. नकाशावर ठरवलेल्या जागी वाघ राहीलच असे नाही, याचा याहून स्पष्ट दाखला शोधायला नको.

या सगळ्याची किंमत मोजतात ते जंगलाकाठचे लोक. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तेंदूचा हंगाम नेमका भर उन्हाळ्यात येतो. दुपारी रानात थांबवत नाही म्हणून लोक पहाटे अंधारातच निघतात, खाली वाकून पाने तोडतात, आणि वाघाच्या हालचालीची वेळही पहाटेचीच. उन्हाळा जितका कडक तितके माणसाचे कामाचे तास वाघाच्या तासांवर जाऊन पडतात. मृताच्या वारसांना राज्य सरकार २५ लाख रुपये देते. बफरमधील गावांना स्वयंपाकाचा गॅस, कुंपण, रोजगार अशा सोयी देणारी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठेत २०२३ मध्ये वाघ गावाकडे येताना ओळखून इशारा देणारे कॅमेरे बसवण्यात आले. वन कर्मचारीही या धोक्यातून सुटलेले नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात गणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला होता.

गडचिरोली: जास्त पाण्याचा प्रश्न

चंद्रपुरात पाणी पुरत नाही. गडचिरोलीत, निदान पावसाळ्यात, ते आवरत नाही. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम चपराळ्याजवळ होतो आणि पुढे प्राणहिता म्हणून ही नदी सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. पूर्वेकडून इंद्रावती येते. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटणे दरवर्षीचेच. जुलै २०२२ च्या पुरात सिरोंचा तालुक्यातील अनेक गावे रिकामी करावी लागली. गोदावरीवरील मेडिगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्याबद्दल तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार तेव्हापासून अधिकच तीव्र झाली.

अशा नदीकाठांवर अवलंबून असलेला प्राणी म्हणजे रानम्हैस. महाराष्ट्रात ती उरली आहे फक्त सिरोंचा भागातील कोलामार्क्यात, मूठभर संख्येने, इंद्रावतीपलीकडच्या छत्तीसगडमधील कळपांशी जोडलेली. तिला चिखलाचे डबके, उंच गवत आणि नदीकाठ लागतो. पाळीव म्हशींपासून येणारे रोग आणि त्यांच्याशी होणारा संकर हे तिचे जुने धोके आहेत. इतक्या लहान गटाला एक वाईट वर्ष, एक साथ पुरेशी ठरू शकते. शेकरूचीही अडचण काहीशी अशीच. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतील तरच ते वरच्या वर फिरू शकते. आगीने, तोडीने किंवा दुष्काळाने छत विरळ झाले की त्याचे जगच तुटते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि राहिला. पुढे तो गोंदियापर्यंत फिरून आला. ते का आले यावर एकमत नाही. खाणी, तुटलेली जंगले, खाद्याची टंचाई अशी बरीच कारणे सांगितली जातात. जिल्ह्यातील कोणत्याही अभयारण्याच्या आराखड्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती, आणि धानाचे नुकसान झालेल्या शेतकऱ्याला हत्तीशी कसे वागायचे याचा काहीच अनुभव नव्हता.

गावांचे आराखडे

गडचिरोलीत अभयारण्ये लहान आहेत, तरी जंगल टिकून आहे. याचे उत्तर काही अंशी गावांकडे आहे. वन हक्क कायदा २००६ चा. त्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात हा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्यानंतर जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. हक्कासोबत जबाबदारीही येते: त्या जंगलाच्या संवर्धनाचा आराखडा ग्रामसभेने करायचा असतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून गावाला उत्पन्न सुरू झाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणे बंद केले. कारणे साधी होती. पाने मिळवायला झाडे छाटावी लागतात, आग लावली जाते आणि तेंदूची फळे, जी अस्वलांपासून पाखरांपर्यंत सगळे खातात, धरतच नाहीत. शिवाय जंगलाचा एक भाग गावाने स्वतःहून पूर्ण राखीव ठेवला, तिथून काहीच काढायचे नाही असे ठरवून. वन विभाग जी गोष्ट अग्निरक्षक आणि उपग्रह लावून साधू पाहतो, तिच्यातला मोठा भाग एका ठरावाने साधला. अर्थात बांबूचे उत्पन्न नसते तर हा ठराव टिकला असता का, हेही विचारायला हवे. तेंदू हे गडचिरोलीतील हजारो कुटुंबांचे वर्षातले एकमेव मोठे रोख उत्पन्न आहे आणि ते सोडा असे सांगणे सोपे नाही.

सध्या व्याघ्र प्रकल्पाचा आराखडा, वन विभागाची कार्ययोजना आणि ग्रामसभेचा आराखडा हे तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या मुदतीचे तयार होतात. कन्हाळगाव अभयारण्य आणि पाचगाव यांसारखी गावे दक्षिणेकडच्या एकाच पट्ट्यात येतात, तिथून वाघ तेलंगणाकडे जातो. त्या पट्ट्यात उन्हाळ्यात कुठे पाणी ठेवायचे, कोणत्या महिन्यात कोणत्या रानात माणसांनी जाऊ नये आणि त्या दिवसांची मजुरी कोण भरून देणार, हे ठरवायला अजून एक सामायिक कागद नाही.